पाच औंसांची एसटी

मित्रांनो, फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये कार्पेंटरीला टी-लॅप जॉइंटचा जॉब आपण सगळ्यांनीच केलाय. ‘केलाय’ म्हणजे नक्की काय केलं ते ज्याचं त्याला माहीत! कोणी खरंच करवत धरली, कोणी सीनियरच्या रूममधला जुना जॉब आणून त्याला पॉलिश पेपर मारला, नवीन रोल नंबर टाकला आणि सबमिट करून मोकळा झाला. मी याच कॉलेजात शिकलो, होस्टेलच्या मेसचं जेवलो आणि आता इथेच मेकॅनिकलला शिकवतो. त्यामुळे मला दोन्ही बाजूंची माहिती आहे. जास्त खोलात शिरत नाही!

पण तो टी-लॅप जॉइंट मला एकदम आठवला तो थेट अमेरिकेत, आणि आठवण करून दिली माझ्या आठ वर्षांच्या भाचीने. तिचं खरं नाव इथे सांगत नाही, घरात सगळे तिला ठमी म्हणतात. २०२४ च्या जानेवारीत मी काही महिन्यांसाठी न्यू जर्सीत ताईकडे राहत होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मी आणि माझा लॅपटॉप. एके दिवशी ठमी शाळेतून आली आणि एक छोटं खोकं माझ्यापुढे आपटून म्हणाली, “मामा, तू इंजिनिअर आहेस ना? मग मला शिकव. पण हात लावायचा नाही!”

खोक्यात काय होतं? एक लाकडाचा ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं आणि चार खिळे. बस्स!

ही काय भानगड आहे?

अमेरिकेतल्या कब स्काउट मुलांची ही एक फार लाडकी स्पर्धा आहे, नाव ‘पाइनवुड डर्बी’. पाइन म्हणजे आपल्याकडे पॅकिंगच्या खोक्यांना वापरतात तसलं मऊ, हलकं लाकूड. त्या ठोकळ्यातून मुलाने आईबाबांच्या मदतीने एक गाडी बनवायची. इंजिन नाही, बॅटरी नाही, चावीसुद्धा नाही. उतारावरून सोडायची आणि पुढे सपाट ट्रॅकवर जी आधी पोचेल ती जिंकली.

याची सुरुवात १९५३ मधली. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात डॉन मर्फी नावाचे गृहस्थ होते. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी कब स्काउटचं काम. तेव्हा तिकडे ‘सोप बॉक्स डर्बी’ जोरात होती, म्हणजे मुलाने स्वतः बनवलेल्या गाड्यात बसून उतारावरून सुटायचं. (आपल्याकडची बेअरिंगची गाडी आठवा. फळीला चार बेअरिंग, दोरीचं स्टिअरिंग आणि फुटलेले गुडघे!) मर्फींच्या मुलाचं वय त्या स्पर्धेला कमी पडत होतं. तेव्हा वडिलांनी विचार केला की मूल गाडीत बसू शकत नसेल तर गाडीच हातात मावेल एवढी करू. १५ मे १९५३ ला पहिली शर्यत झाली. पुढच्या वर्षी स्काउटांच्या ‘बॉइज लाइफ’ मासिकात त्याची माहिती आली आणि हे वेड देशभर पसरलं. २०१८ पासून कब स्काउटमध्ये मुलींनाही प्रवेश मिळाला, म्हणून आमची ठमी तिथे. त्या मूळ संस्थेचं ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ हे नावही २०२५ मध्ये बदलून ‘स्काउटिंग अमेरिका’ झालं.

गंमत म्हणजे या कब मंडळींचं बरंच काही ‘जंगल बुक’वरून घेतलेलं. त्यांच्या म्होरक्याला ते ‘अकेला’ म्हणतात, आणि आपल्या भारत स्काउट्स अँड गाइड्सच्या कब पथकांतही ती परंपरा आहेच. ठमी मला विचारते, “मामा, अकेलाचा मीनिंग काय?” म्हटलं, एकटा. ती म्हणाली, “पण तो तर सगळ्यांबरोबर असतो!” याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कपाटातला कप

‘हात लावायचा नाही’ ही अट कुठून आली ते मला दोन दिवसांनी कळलं. स्वेटर शोधताना कपाटाच्या तळाशी, जुन्या बुटांच्या मागे एक चकचकीत कप दिसला. आदल्या वर्षीच्या डर्बीतला दुसरा नंबर! मी तो बाहेर काढून हॉलमध्ये ठेवला, तर ठमीने येऊन मुकाट्याने उचलला आणि परत बुटांमागे नेऊन ठेवला.

“अगं, तुझा कप ना?”

“नाही, तो बाबांचा आहे.”

झालं असं होतं, की आदल्या वर्षी दाजींनी सगळी गाडी रात्री जागून स्वतः केली होती. ठमीने फक्त वर स्टिकर लावला. दाजी माणूस सोन्यासारखा, पोरीला आनंद व्हावा म्हणूनच केलं. पण बक्षीस घेताना कोणीतरी तिला सहज विचारलं, “तू वजन कुठे बसवलंस?” आणि हिला काही सांगताच येईना. तो प्रश्न तिच्या मनात वर्षभर टोचत राहिला होता.

हे फक्त आमच्याच घरी घडतं असं नाही हं. डर्बीत मुलांपेक्षा बाप लोकच जास्त इरेला पेटतात, ही तिथे सर्वमान्य गोष्ट आहे. त्यावर ‘डाउन अँड डर्बी’ नावाचा एक विनोदी सिनेमासुद्धा २००५ मध्ये येऊन गेला.

नियम आणि गणित

आता थोडं टेक्निकल. नियम गावोगाव थोडे बदलतात, पण मुख्य असे. ठोकळा ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, सव्वा इंच उंच. गाडीचं वजन जास्तीत जास्त ५ औंस, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. चाकं आणि खिळे खोक्यातलेच वापरायचे. बेअरिंग, स्प्रिंग बंद. तेल बंद, फक्त ग्रॅफाइटसारखी कोरडी पूड चालते. पेन्सिलीच्या शिसात असतं तेच हे ग्रॅफाइट.

आमचा ट्रॅक ४२ फुटांचा, अ‍ॅल्युमिनियमचा, चार लेनचा. सुरुवात साधारण चार फूट उंचावर, मग उतार, मग सपाट. प्रत्येक लेनच्या मधून एक पट्टी जाते आणि गाडी त्या पट्टीवर घोड्यावर बसल्यासारखी दोन्हीकडे चाकं टाकून धावते.

गाडीकडे जी काही ऊर्जा आहे ती एवढ्या चार फुटांचीच. ‘एम जी एच’ बरोबर ‘अर्धा एम व्ही वर्ग’ धरलं तर वेग येतो सेकंदाला जेमतेम पावणेपाच ते पाच मीटर, म्हणजे ताशी सतरा-अठरा किलोमीटर. सायकलचा वेग! आणि सगळी शर्यत तीन सेकंदांत खल्लास. सगळ्यांना पगार सारखाच मिळतो, प्रश्न फक्त वाटेत कोण किती उधळतो एवढाच.

इथे हुशार विद्यार्थी म्हणेल, “सर, दोन्ही बाजूंनी एम कॅन्सल होतो, मग वजनाचा काय संबंध?” बरोबर आहे, आस आणि चाकातलं घर्षण वजनाच्या प्रमाणातच वाढतं, तिथे वजनाचा फायदा नाही. पण हवेचा विरोध वजन बघत नाही, आणि चाकं फिरवायला लागणारी ऊर्जाही ठरलेली असते. गाडी जड असेल तर या ठरलेल्या खर्चाचा वाटा कमी होतो. म्हणून पाच औंसांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं.

दुसरा मुद्दा, वजन कुठे ठेवायचं? मागे. कारण गाडी उतारावर उभी असताना तिचा मागचा भाग वर असतो. सुरुवातीचा उतार २५ अंशांचा धरला तर वजनाचा मध्य एक इंच मागे सरकवला की तो जवळजवळ एक सेंटिमीटर वर जातो. १२० सेंटिमीटरमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे काय मोठं? पण वेगात अर्धा टक्का मिळतो, आणि शेवटच्या रेषेवर तीन-चार सेंटिमीटरची आघाडी. शर्यती तेवढ्यावरच जातात. मात्र फार मागे नेलं तर पुढची चाकं हलकी होऊन गाडी डुलायला लागते. म्हणून मागच्या आसाच्या इंचभर पुढे मध्य ठेवणं बरं.

तिसरा मुद्दा खिळ्यांचा. खिळा म्हणजेच इथे गाडीचा आस. त्याच्या डोक्याखाली साच्याच्या बारीक धारा असतात. त्या कानशीने काढायच्या, मग आधी खरबरीत आणि नंतर बारीक पॉलिश पेपर ओला करून घासत जायचं. खिळा ड्रिलच्या चकमध्ये पकडला की झाली घरगुती लेथ!

हे सगळं मी ठमीला दोन संध्याकाळ समजावलं. एनर्जीला ‘पॉकेटमनी’ म्हटलं, तेव्हा चटकन कळलं. मग मी ऐटीत कागदावर एक पाचरीसारखी सपाट, निमुळती गाडी काढून दिली. हवेला सगळ्यात कमी विरोध!

ठमीने कागद बघितला आणि म्हणाली, “मला एसटी करायची आहे.”

लाल डबा

आदल्या मे महिन्यात ती सांगलीहून तासगावला आजोळी एसटीने गेली होती. खिडकीतून वारा, कंडक्टरच्या तिकीट मशीनची टिकटिक, शेजारच्या आजींनी दिलेली चिक्की, हे सगळं तिच्या डोक्यात घर करून बसलेलं. मी परोपरीने समजावलं. “अगं, एसटीचं तोंड चौकोनी. हवेच्या विरोधात काही इंच जातील.” तर म्हणते, “मग बाकीच्या गोष्टी नीट करू ना. तूच म्हणालास, एकाच गोष्टीने रेस हरत नाही.” आपलाच डायलॉग आपल्यावर!

एसटी म्हटल्यावर नवीनच अडचण. खोक्यातला सगळा माल ताईच्या किचनमधल्या काट्यावर भरला १२८ ग्रॅम. म्हणजे ठोकळा तसाच ठेवला तर मागे वजन बसवायला जागाच उरत नाही. ठमी विचार करून म्हणाली, “एसटी आतून रिकामी असते.” वा! मग आम्ही खालच्या बाजूने, दोन आसांच्या मधे, एक इंच व्यासाची तीन भोकं पाडली. ड्रिल मी धरलं, कारण ते काम मोठ्यांचंच. भोकं कुठे आणि किती खोल ते तिने पेन्सिलीने आखून दिलं. प्रत्येक भोकातून साधारण पाच ग्रॅम लाकूड निघालं. मागच्या आसाच्या अलीकडे चौथं, उथळ भोक.

त्यात भरायचं काय? शिसं विषारी, पोरांच्या हातात नको. टंगस्टन उत्तम, पोलादाच्या जवळजवळ अडीचपट घन, पण महाग. ठमी धावत जाऊन एक डबी घेऊन आली. आजोबांनी तासगावहून निघताना तिला दिलेली जुनी, जाड पाच रुपयांची नाणी! एकेक नऊ ग्रॅमचं, आणि एक इंची भोकात आरामात मावणारं. तीन नाणी एकावर एक चिकटवली, सत्तावीस ग्रॅम बरोबर मागे. मला सांगा, एवढा सुंदर सोल्यूशन आपल्या फायनल इयरला किती ग्रुप देतात?

मग लाल रंग, वर पांढरी छटा, बारीक ब्रशने खिडक्या, आणि पुढे पाटी ‘सांगली – तासगाव’. ‘तासगाव’मधला ‘स’ लिहायला तिला तीन वेळा खोडावं लागलं.

रात्रीची चोरी

आता खरी परीक्षा. गाडी सरळ जाते का? आकाराने काही इंच जातात, पण गाडी तिरकी धावून मधल्या पट्टीला घासत गेली तर फुटाने मागे पडते. टेस्टसाठी हॉलमध्ये एक लांब फळी जराशी तिरपी लावली. एसटी सोडली की दहा फुटांत नऊ इंच डावीकडे! ठमीने खिळा काढला, परत बसवला, परत सोडली. सहा-सात वेळा. नऊ, आठ, दहा, नऊ. शेवटी डोळ्यांत पाणी आणून झोपायला गेली.

मी आणि एसटी, दोघेच हॉलमध्ये. रात्रीचे अकरा. शनिवारी शर्यत, आणि हातात पक्कड. मंडळी, खोटं कशाला बोलू? मी पुढचा डावा खिळा काढला, जरासा वाकवला, परत बसवून थोडा थोडा फिरवला. पाऊण तासात गाडी दोरीसारखी सरळ. समाधानाने झोपलो.

सकाळी ठमीने गाडी सोडली. सरळ! तिचा चेहरा फुलला, आणि लगेच उतरला. तिने एसटी उलटी करून जवळ नेऊन बघितली. खिळ्याच्या डोक्यावर पकडीच्या दातांच्या खुणा होत्या.

“मामा, हे तू केलंस?”

“अगं, थोडंसंच...”

ती रडली नाही, ओरडली नाही. नखाने, मग चमच्याच्या टोकाने तो खिळा उपसून काढला आणि माझ्या हातात दिला. “तुझा आहे. घे.”

मित्रांनो, व्हायव्हात एक्स्टर्नलसमोर झाली नसेल इतकी माझी गोची झाली. त्या क्षणी मी आणि दाजी एकाच कपाटातले कप होतो.

घड्याळाचा खिळा

सॉरी म्हटलं. मग जे आदल्या संध्याकाळी करायला हवं होतं ते केलं. खिळा वाकवल्याने गाडी का वळते ते नीट समजावलं. सरळ खिळा नुसता फिरवला तर काहीच फरक पडत नाही. पण तो अगदी थोडा वाकलेला असेल तर तो फिरवताना चाकाची दिशा किंचित बदलते, म्हणजे ते झालं आपलं स्टिअरिंग. डोक्यावर मार्करने एक खूण केली की कुठे फिरवला ते कळतं.

ठमीने नवीन खिळा घेतला. व्हाइसमध्ये धरून छोट्या हातोडीने दोन हलके ठोके मारले. मार्करची खूण केली. आणि पुढचं तिचं तिनेच शोधलं. खूण वर म्हणजे बारा वाजले, उजवीकडे म्हणजे तीन वाजले. वहीत तक्ता आखला. १२ वाजता, ९ इंच डावीकडे. १ वाजता, ७ इंच. २ वाजता, ४ इंच. ३ वाजता, दीड इंच. ४ वाजता, १ इंच उजवीकडे! मी ओठ घट्ट मिटून, हात पाठीमागे बांधून उभा होतो. बोलायची इतकी खुमखुमी येत होती की विचारू नका. ती वहीकडे बघत बसली आणि म्हणाली, “साडेतीनला ठेवते.”

साडेतीनला एसटी सरळ गेली. माझ्या रात्रीच्या कामाइतकी नाही, पाव इंच डावीकडे. पण ते पाव इंच तिचं होतं.

शर्यत

शुक्रवारी संध्याकाळी वजन आणि तपासणी. तिथल्या काट्यावर एसटी ५.०२ औंस! आमच्या किचनच्या काट्याने दगा दिला. आजूबाजूला बाप मंडळी धावपळ करून ड्रिल काढत होती. ठमीने एसटी उलटी केली, शेवटचं वजन जुळवायला पोटात चिकटवलेली क्ले टाचणीने चिमूटभर काढली. ५.०० औंस. चाकांत ग्रॅफाइट घातलं, गाडी टेबलावर ठेवली. त्यानंतर शर्यतीपर्यंत गाडीला हात लावता येत नाही.

शनिवारी शाळेच्या जिममध्ये छत्तीस गाड्या. पाचरी, रॉकेट, एक शार्क, एक पिझ्झाचा तुकडा आणि एक लाल एसटी. प्रत्येक गाडी चारही लेनमधून एकेकदा धावते, म्हणजे लेनच्या फरकाचा अन्याय होत नाही, आणि चार वेळांची सरासरी काढतात. पहिल्या फेरीत एसटी चौथी, दुसरीत दुसरी, तिसरीत चक्क पहिली! (आरडाओरडा करणाऱ्यांत मी, ताई आणि दाजी आघाडीवर.) चौथीत तिसरी. एकूण छत्तीसांत तेरावी. पहिल्या गाडीपेक्षा सरासरीने सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा मागे.

कप नाही, मेडल नाही. पण नंतर एक आजोबा पंच टेबलाशी आले. एसटी उलटी करून पोटातली नाणी बघत विचारलं, “हे वजन इथेच का बसवलंस?”

ठमीने सांगायला सुरुवात केली. उतार, पॉकेटमनी, मागची बाजू वर का असते, आसाच्या किती पुढे, नाण्याचं वजन किती, मग खिळ्याचं घड्याळ, साडेतीन का. आजोबा पाच मिनिटं उभे राहून ऐकत होते. दाजी माझ्या शेजारी उभे होते, काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी हॉलच्या खिडकीत स्वतः जागा करून एसटी ठेवली. कपाटातला कप अजून बुटांमागेच आहे, असं ताई परवा फोनवर म्हणाली.

शेवटी थोडं आपल्याबद्दल

परत आल्यावर मी वर्कशॉपमध्ये एक सवय सोडली. आधी कोणाचा जॉब बिघडताना दिसला की मी त्याच्या हातातली कानस घेऊन “असं कर” म्हणत अर्धा जॉब स्वतःच करून द्यायचो. पोरं खूश, मीही खूश. आता हात पाठीमागे बांधून उभा राहतो. जाम त्रास होतो, पण राहतो.

आणि फायनल इयरच्या मित्रांनो, शहरात तयार प्रोजेक्ट कुठे मिळतात, कितीला मिळतात हे मला पक्कं माहीत आहे. चकचकीत असतात, चालतातही. रागावत नाही, उपदेशही करत नाही. फक्त व्हायव्हाला मी एकच प्रश्न विचारतो, तो आधीच फोडून ठेवतो: “हे वजन इथेच का बसवलंस?”

उत्तर येत असेल तर गाडी तेरावी आली तरी चालेल. आणि वहीत तुमचा स्वतःचा ‘साडेतीन वाजता’वाला तक्ता असेल तर या केबिनमध्ये, चहा माझ्याकडून!